शंभरातल्या अठ्ठावीस

वय त्रेपन्न. वजन एक्केचाळीस, चपला काढून.
हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक सहा.
क्रिएटिनिन अजून रेषेच्या आत,
पण उधाणात होडी धक्क्याला खेटते
तसं रेषेला खेटून.

मी आकडे भरते. संगणक जरा थांबतो
आणि सांगतो, अठ्ठावीस टक्के.
म्हणजे अशा शंभर बायकांतल्या अठ्ठावीसजणींना
हे औषध झेपणार नाही.
पांढऱ्या पेशी कोसळतील, ताप चढेल,
मूत्रपिंडं काम टाकतील,
आणि मालवणच्या पुढे कुठल्यातरी वाडीत
रात्री दोन वाजता कुणीतरी गाडी शोधत धावेल.

शेवंती मेतर समोर बसलीय.
मांडीवर पिशवी, पिशवीत बायोप्सीचा कागद,
कागदाला सुक्या बांगड्याचा वास.
ती त्या वासाला लाजते. मी नाही.

मी सोपं करून सांगते.
ती लिलावातला भाव ऐकावा तशी ऐकते,
चेहऱ्यावरची रेघ न हलवता. मग म्हणते,
"शंभर बांगड्यांत अठ्ठावीस नरम निघतले,
ह्या माका टोपलेत हात घालून कळता.
पण बांगड्याक इचारला, तू त्यातलो काय रे,
तर तो काय सांगतलो?"

उत्तर नव्हतं.
म्हणून मी तिचा रक्तदाब पुन्हा मोजला.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला
की सगळेच होड्या वर ओढतात.
वादळ कधी येतं, कधी गोव्याकडे निघून जातं,
बावट्याला खोटं कुणी म्हणत नाही.
इथं होडी वर ओढायची सोय नाही.
गाठ गर्भाशयाच्या तोंडाशी आहे,
ती बावटा बघून थांबत नाही.

मी नेहमीचं सांगते.
आदल्या दिवसापासून तीन लिटर पाणी,
नाहीतर हे औषध मूत्रपिंड जाळतं.
ती हसते.
"सकाळपासून एक घोट पियाक नाय.
लिलावाच्या जाग्यार पाणी पियाला तर जाऊचा खंय?"

तीस वर्षं.
पहाटे चारला किनारा, अकरापर्यंत बाजार.
बापयांना सगळा समुद्र मोकळा,
बायकांना एक पडकी भिंत
आणि भिंतीमागे फुटलेल्या बाटल्या.
इतर बायका पैसे बाजूला टाकतात
तशी ही तीस वर्षं तहान बाजूला टाकत आलीय.

मी फॉर्म वरखाली बघते. बावीस रकाने.
मिश्री लावता का, आहे.
मुलं किती, आहे.
संडास किती पावलांवर, नाही.

कुठल्याशा शहरात कुणी हुशार माणसानं
हजारो बायकांचं रक्त ओळीनं मांडून
हे गणित बसवलं असेल.
त्याच्याशी माझं भांडण नाही.
तो अठ्ठावीस समोर आला नसता
तर 'पाणी प्या हं' म्हणून
मी पुढच्या टोकनला हाक मारली असती.

आकड्याशेजारी पेनानं लिहिते,
आदल्या रात्री दाखल करावं, सलाइन आधी.
डॉक्टर आठी घालून सही करतात.
खाटा सहाच आहेत.

रात्री ती तांब्या तोंडाला लावते, रिकामा करते.
खाटेपासून बाथरूमचं दार नऊ पावलं,
आत दिवा, आतून कडी.
चौथ्या खेपेहून परत येताना माझ्याशी थांबते.
"बाय गो, असा निवांत
मी म्हायेराकसुद्धा जाऊक नाय."
आम्ही दोघी हसतो, तोंडावर हात धरून,
बाजूची झोपलीय म्हणून.

अठ्ठावीसांतली की बहात्तरांतली,
ते दहा दिवसांनी, पेशी मोजल्यावर.
मी कार्डावर तारीख लिहून देते.
ती कार्ड बघत नाही, बोटांच्या पेरांवर मोजते.
"म्हणजे अष्टमी. भांगाचा पाणी.
येतंय."