मागचा स्क्रू

डोरीननं ती आणली गोधडीत गुंडाळून.
सेंट मेरीज, पेनसिल्व्हेनिया, नोव्हेंबरातला शनिवार,
गॅरेजच्या दारात बर्फ, अजून मिठाएवढाच.
"लाइलची आहे. नातीला द्यायचीय हंगामाआधी.
दुर्बीण नवी घेतलीय. तुझ्याकडे ती बारकी हत्यारं आहेत ना?"

मी आयुष्यात बंदूक धरली नव्हती.
स्क्रू मात्र धरले होते चाळीस वर्षं,
अकरा कोल्हापुरात, उद्यमनगरात, बाकीची इथल्या कारखान्यात.
स्क्रूला कुठं ठाऊक असतं आपण कशात बसलोय.

बोल्ट काढला. नळीतून आरपार पाहिलं, दोनदा.
रिकामी. पलीकडे फक्त उजेड
आणि गल्लीतला विजेचा खांब, नाण्यात मावलेला.

जुनी दुर्बीण उतरवायला घेतली.
पुढच्या बेसचे दोन्ही स्क्रू कुरकुरत निघाले.
मागे एकच होता. पाना लावायच्या आधीच
बोटानं फिरला.
पाऊण आटा.
मी तो परत आवळला, परत सोडला,
जणू बोटाला चुकीचं ऐकू आलं असावं.

डोरीन उलट्या बादलीवर बसून सांगत होती,
त्या शेवटच्या वर्षी मोठा नर चुकला त्याचा, ऐंशी यार्डांवरून.
दुसऱ्या दिवशी एका मादीच्या मांडीत गोळी गेली.
अंधार पडेपर्यंत रक्तामागे चालला, पार नदीपर्यंत.
सापडली नाही.
घरी आला तो टेबलावर हात पसरून बघत बसला.
"हात गेले माझे, डोरीन, म्हणाला."
मग बंदूक कपाटात. मग कॉफीचा कपसुद्धा
दोन्ही हातांनी धरायला लागला.

मी भोकं स्पिरिटनं पुसत होतो.
जुनं तेल निघालं, हेमलॉकची एक वाळकी सुई निघाली.
नवे स्क्रू घेतले, प्रत्येकाला निळ्या गोंदाचा थेंब, टाचणीच्या डोक्याएवढा.
रऊफ मिस्त्री म्हणायचा, घट्ट म्हणजे जोर नव्हे रे,
जोर काय रेडापण लावतो.
घट्ट म्हणजे थांबायची जागा.
टॉर्क रेंच वीसवर टिक् म्हणाला. थांबलो.

रिंगांत दुर्बीण मोकळीच ठेवून नातीला बोलावलं.
ब्रिन, पंधराची, नखं कुरतडलेली.
डोळे मिट. खांद्याला लाव. मान आपसूक टेकू दे. आता उघड.
"कडेला काळं दिसतंय."
बोटभर मागे.
"अजून आहे."
नखभर पुढे.
"आता सगळा गोल."
भुवईपासून साडेतीन इंच; कमी पडले तर धक्क्याला भुवई फुटते.
"लाइलच्या होती तिथं चंद्रकोर," डोरीन म्हणाली
आणि दुपारभरात एकदाच हसली.

समोरच्या शेडच्या आढ्याला माझा ओळंबा टांगला.
पितळी. माझ्याबरोबर सुटकेसमधून आलेला.
विमानतळावर विचारलं होतं, हे काय?
मी सांगितलं होतं, खाली कुठं आहे ते सांगतो हा.
वारा पडेपर्यंत थांबलो आम्ही तिघं.
मग फुलीची उभी रेघ दोरीवर आली
आणि दोरी दिसेनाशी झाली.

रिंगांचे स्क्रू तिरपे, आळीपाळीनं, पाव-पाव वळसा,
दोन्हीकडची फट केसाएवढी, सारखी.
सतरावर टिक्.
डोरीनच्या पर्समधल्या नेलपॉलिशनं
प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर एक लाल रेघ ओढली.
हलला तर रेघ मोडलेली दिसेल.

मागच्या स्क्रूवरची रेघ वाळेस्तोवर
बोलावं की नको, ठरत नव्हतं.
मग तो जुना स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला.
"हा सैल होता. कधीपासून, सांगता येत नाही."

तिनं मूठ मिटली.
"किती सैल?"
"पाऊण आटा."

रायफल ब्रिननं उचलली, गोधडीसकट.
निघताना डोरीननं मूठ उघडली नाही.
गाडीचं दार तिला त्या हातानं उघडता येईना,
ब्रिननं उघडलं.