काट्याची लढत

एकतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या काट्यावर होतो.
उसाची गाडी चढायची, आकडा थरथरायचा, थांबायचा,
मग मी लिहायचो.
काटा मारला नाही कधी.
लोक म्हणायचे, बाबगोंडा अण्णाचा काटा म्हणजे देवाचा.
तसं काही नव्हतं.
मला आकडा थांबेपर्यंत गप बसता यायचं, एवढंच.

आता रविवारी कोल्हापूरबाहेरच्या माळावर
पोरांच्या बुटक्या गाड्या तोलतो.
गाडी आणि चालवणारा मिळून एकशेतीस किलो,
कमी भरलं तर शिसं.
शिसं उद्यमनगरात ओतून येतं, जुन्या बॅटऱ्यांचं,
हाताला काळं लागतं, साबणानं जात नाही.
रुबिना शिकलगारला बारा किलो लागतं.
ती सीटमागचे बोल्ट स्वतः आवळते,
माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे,
तिच्या घरात सगळ्यांचेच हात धारेवर चालतात.

सहावं वळण कुणी आखलेलंच नव्हतं.
मध्ये विहीर होती, तिला वळसा घालता घालता
रस्ता आपसूक वाकडा झाला,
शिरताना ऐसपैस, निघताना बोळ,
मधोमध एक उंचवटा, पोटात गोळा आणणारा.
आतून घुसलास तर बाहेर फेकला जाशील,
बाहेरून गेलास तर आत कुणीतरी नाक खुपसेल.
सगळी भांडणं तिथंच.
कर्ण्यावरचा शिरपती तिथं आल्यावर ओरडायचा,
काट्याची लढत, काट्याची लढत!
आणि मला उगाच
माझंच नाव घेतल्यासारखं वाटायचं.

मग विहीर बुजवली.
पुण्याहून आलेल्या साहेबानं वळण गुळगुळीत केलं,
तव्यावरनं लोणी सरकावं तसं.
फेरीमागे दीड सेकंद वाचला.
पेढे वाटले.
पुढच्या रविवारी जे जसे सुटले ते तसेच आले,
पहिला पहिला, नववा नववा.
चहावाला दिनकर म्हणाला,
ही शर्यत हाय का वरात?

कमिटीनं कागद काढला:
जिंकणाऱ्याला पाच किलो जादा.
नंतर दुसरा कागद: मागच्या वेळचे पहिले, या वेळी शेवटी.
नंतर पहिल्या कागदाची दुरुस्ती.
रुबिना तीनदा जिंकली, बारावर पंधरा चढले.
काका, हे बक्षीस म्हणायचं का दंड?
मी आकडा वाचून दाखवला.
ती चौथी आली.
रांगेतली नावं बदलली,
रांग तीच.

आणि मग गळीत हंगामात
उसाची एक ट्रॉली मागच्या फाटकातनं आडवी गेली,
सहाव्यावर चाकाचा चिखल आणि मूठभर पाचट टाकून.
झाडायला वेळ नव्हता.
त्या दिवशी, काय सांगू,
आतली वाट घसरडी, बाहेरची लांब,
तीन गाड्या एका ओळीत शिरल्या,
रुबिना मधली, सत्तावीस किलो शिसं पाठीशी घेऊन,
आणि कोण कुणाला सोडतंय!
शिरपतीचा कर्णा खरखरून बंद पडला,
तरी तो ओरडतच होता.

चिखल सोमवारी धुतला.
कागद पुन्हा निघायला लागले.

हे आता सांगतो.
पुढच्या शनिवारी रात्री घमेलं घेऊन मी गेलो होतो.
तांबडी माती, चाळून घेतलेली,
खडा राहू नये म्हणून दोनदा.
सहाव्याच्या आतल्या कडेनं टाकली, पेरणीसारखी.
परतताना पाय कापत होते:
एखादं पोर उलटलं तर?
अर्ध्या वाटेवरून माघारी गेलो, थोडी झाडली.
थोडी ठेवली.
नियमांच्या सगळ्या कागदांत माती हा शब्द नाही,
मी शोधून बघितला.

सकाळी रुबिना काट्यावर चढली.
आकडा थरथरत होता.
काका, नखांत माती.
म्हटलं, परड्यातली. वांगी लावलीत.
तिनं सहाव्या वळणाकडे बघितलं,
मग हेल्मेटची काच खाली ओढली,
हसली की काय ते दिसलं नाही.

आकडा अजून थांबला नव्हता.
मी लिहून टाकला.