टाकीवरची जर्मन

इथल्या विहिरी खाऱ्या, म्हणून टाकी.
टाकीमुळं सिग्नल, तोही बाविसाव्या पायरीला,
दर्यापूरकडं तोंड केलं तरच.
सात वाजता चढते. तिकडं साडेतीन वाजलेले असतात.
पंपवाला दिगांबर खालून विचारतो,
सुकेशनीबाई, आज कोणत्या गावाले?

परीक्षेत चार भाग. वाचणं, ऐकणं, लिहिणं निभतं.
बोलणं एकटीला जमत नाही.
पंधरा दिवस आरशाशी बोलून पाहिलं,
आरसा चुका काढत नाही.

मग माणसं शोधली,
दुधाच्या दातांआधी ती भाषा ज्यांच्या तोंडात आली अशी.
पहिल्याला फोटो पाहिजे होता.
दुसऱ्याला माझ्याशी इंग्रजीच बोलायचं होतं,
दोघंही अडखळलो आणि सुटलो.
तिसरी फार भली. बाळंत झाली, गेली.
चौथी हेडविग. वय अठ्ठ्याहत्तर, ट्राम चालवायची.
दोन्ही गुडघे नवे, नवरा नाही,
वेळ आहे म्हणाली. वेळच वेळ.

पहिल्याच दिवशी म्हणाली,
पोरी, तू छापल्यासारखं बोलतेस.
असं इकडं फक्त बातम्या देणारे बोलतात.
नागपूरचे सर शिकवतात "इस्ट", म्हणजे आहे,
त दातावर आपटून.
हेडविग म्हणते "इश".
थंडी इश. कॉफी इश. मुलगा दूर इश.
मला हसू आवरेना.
आमच्याकडं इश्श म्हणजे काय ते सांगायला
जवळची क्रियापदं पुरली नाहीत,
ओढणी तोंडावर घेऊन दाखवलं.
तर ती उठली, भांडी पुसायचा टॉवेल आणला
आणि लाजली.

मग ते "झी".
परक्याला मान द्यायचा तर क्रियापदामागं लावतात.
कॉमेन झी. या जी.
ट्रिंकेन झी. घ्या जी.
मी वही मिटली.
हेच "जी" अमरावतीच्या हॉस्टेलात मेट्रननं
माझ्या जिभेवरून खरवडून काढलं होतं.
"करून राहिली" म्हणायचं नाही, "जी" लावायचं नाही,
पेशंट हसतात.
पेशंट हसत नव्हते.
पेशंट तसंच बोलत होते.

महिन्यानं हेडविग म्हणाली, आता मला अगं-तुगं कर.
मी म्हटलं, नको.
इतक्या दिवसांनी सापडलंय, राहू द्या जी.

परवा बोलता बोलता टिटवी ओरडली,
टाकीखाली पाणी सांडतं तिथं.
काय ते? तिनं विचारलं.
माझ्या पुस्तकात चिमणीच्या पुढं पक्षी नाहीत.
कठड्याबाहेर हात लांबवून फोन खाली धरला.
पुन्हा ओरडली, आणि नवल म्हणजे सिग्नल टिकला.
कीबिट्स, हेडविग म्हणाली.
आमची जरा वेगळी, पण घराणं तेच.
बापाच्या कुरणात असायच्या. आता किती वर्षं झाली...
पुढचं वाक्य मला कळलं नाही.
शब्द सोपे होते, आवाज अवघड होता.

अन् काल थे म्हने, मले बी शिकव तुई भाषा.
मी सुरू केलं, मी आहे, तू आहेस, ती आहे.
हे तं छापेल हाय, थे म्हने. घरी काय म्हनता?
तोंड उघडलं, पन यायले वेळ लागला.
काय करून रायली?
र तिच्या घशातून येते, बादली कठड्याले घासल्यावानी.
काय कगून गायली, थे म्हने.
मी म्हनलं, बराबर हाय जी.
पुन्हा म्हना.
पंप कवाचा बंद झालता,
खाली दिगांबर बॅटरी मारून रायला होता,
अन् आम्ही दोघी त्याच एका वाक्यावर.