तळव्याकडची शिवण

मंगळवारी समुद्राला सुट्टी.
अक्राच्या या किनाऱ्यावर त्या दिवशी कुणी जाळं टाकत नाही,
म्हणून बुकोमच्या चौकात, माझ्या टपरीपुढं,
सकाळपासून बाकडं भरतं. विषय एकच:
कुणाचा ठोसा जड
आणि कुणाला मार पचतो.

ओकाइजा म्हणतो, आयिक्वे सोवा!
त्याचा उजवा म्हणजे होडीचा नांगर,
कानाला नुसता घासून गेला तरी
माणूस तीन रात्री त्या कुशीवर झोपायचा नाही.
न्हावी लारते म्हणतो, असेल.
पण बोर्तेई पडला का?
बारा फेऱ्या. सांग, पडला का?
घण काय मोजतोस, ऐरण मोज.

मग आवाज चढतात. कुणीतरी उठून दाखवतो,
टाच अशी, कमरेतून पीळ असा,
आणि केंकी विकणारी देदेई ओरडते,
टोपलं सांभाळा माझं, चॅम्पियन!

मी बोलत नाही. मी ग्लोव्ह शिवतो.
चाळीस वर्षं झाली.
ठोशाचा तराजू खरं तर माझ्याकडं आहे:
हलक्या हाताचा ग्लोव्ह अंगठ्याशी उसवतो,
जड हाताचा बोटांच्या पेरांवर, आणि तोही आतून,
वर कातडं तुकतुकीत, आत सगळा भुसा.
मार देणाऱ्याची झीज माझ्याकडं येते,
टाके घालून, मेण लावून परत जाते.
मार खाणाऱ्याची घरी जाते.
तिच्या मापाची सुई
मी अजून कुठल्या दुकानात पाहिली नाही.

बोर्तेई दर शुक्रवारी येतो.
तीच चप्पल, तोच अंगठा, मागच्या शुक्रवारी शिवलेला.
मी ती उलटीसुलटी करतो,
सुई हवेतून चार वेळा काढतो.
किती झाले?
राहू द्या, अटा.
तो खिसा चाचपत राहतो,
मग काय चाचपतोय तेच विसरतो.

या खेपेला तो मंगळवारी आला.
सगळे उठले. त्याला मधोमध बसवलं,
लारतेनं त्याची हनुवटी दोन बोटांत धरून
चौकाला फिरवून दाखवली:
ही बघा ऐरण.

बोर्तेई हसला. म्हणाला,
मी पडत होतो की.
नवव्या फेरीत. गुडघे गेले होते,
वरचे दिवे खाली आले होते.
सोवानं मला धरलं.
घट्ट. पंच ओरडत होता, सोड, सोड,
आणि हा माझ्या कानात,
श्वास घे रे, श्वास घे,
तुझी आई पहिल्या रांगेत बसलीय.

कुणी काही बोललं नाही.
मग ओकाइजा हसला, म्हणाला,
म्हाताऱ्याच्या डोक्यात खारं पाणी शिरलंय.
आणि लारतेनं मान हलवली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
दोघांचं एकमत झालं.

त्या लढतीनंतरच्या आठवड्यात
सोवाचा डावा ग्लोव्ह माझ्याकडं आला होता.
पेरं शाबूत. अंगठा शाबूत.
फाटला होता तळव्याकडून, टरकन,
जिथं ठोसे मारून कुणाचाच फाटत नाही.
माल हलका, असं म्हणून
मी कंपनीला शिव्या घातल्या होत्या
आणि दोरा दुहेरी घेतला होता.

तू सांग रे, लारते माझ्याकडं वळला,
दोघांचे ग्लोव्ह तू शिवलेस.
मी दोऱ्याचं टोक दातांत धरलं
आणि बोटानं खूण केली,
तोंडात आहे, थांब.

तेवढ्यात त्यांनी पुढची जोडी काढली,
कुठला तरी नवा पोरगा, कोळशाच्या वखारीतला,
त्याचा डावा म्हणे विटा फोडतो.
बाकडं पुन्हा गरम झालं.
बोर्तेई खाली वाकला, पायातली चप्पल काढली,
माझ्यापुढं धरली.
आज शुक्रवार ना?

हो, मी म्हणालो,
शुक्रवारच.