हातचे सात

हीउमा बेटाभोवतीचा समुद्र गोठला
की त्यावरून मोटारींचा रस्ता निघतो.
त्या रस्त्यावर सीट बेल्ट लावायचा नाही.
बर्फ फुटला तर सोडवत बसायला वेळ नसतो.
हे येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावणारी वाइके
काल रात्री स्वतःच फसली.

संग्रहालयाची डिस्क भरत आली होती.
आवाजांच्या खोलीतली थोडी जागा
तिला नव्या फोटोंसाठी काढायची होती.
आधी आतलं सामान आवरायचं, मग भिंत सरकवायची.
तिनं भिंत आधी सरकवली.
यंत्रानं विचारलं होतं, आतलं जाऊ शकतं, खात्री आहे?
ती म्हणाली, होय.

मला फोन आला तेव्हा पावणेबारा झाले होते.
मी बर्फाची जाडी मोजतो. संगणकातलं जुजबी कळतं,
पण कशाला हात लावायचा नाही, एवढं पक्कं कळतं.
गेलो तर ती कोट घालूनच बसलेली,
पडद्यावर तेच ते: माउंट होत नाही.
खाली, एखाद्या तलाठ्याच्या थंडपणानं,
कागदावर ६१०४९६०० ठोकळे,
जागेवर ५२४२८८००.
दोन्हींपैकी एक नोंद खोटी.
थांबू का?

"होय म्हण," मी म्हणालो. "या वेळी होय म्हण."

मग बराच वेळ पंखा तेवढा बोलत होता.
चाळीस वर्षांचे आवाज आत.
जाळी विणणाऱ्या बायका, वाऱ्याची सतरा नावं,
कॉप्पूची लीदा, फ्लाउंडर मासा धुरी कसा द्यायचा ते सांगणारी,
मधेच खोकणारी.
"गेले का रे, आर्वो?"
"जातील कुठं? तू बांध कोरलास,
शेत कुणी नांगरलेलं नाही अजून."

जुना शेवट कुठे होता, ते कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.
पण तक्रारीतच उत्तर होतं.
यंत्र ओरडत होतं तो आकडाच
खोलीची खरी लांबी.
बेकरीच्या पिशवीच्या पाठीवर
मी एकसष्ट लाख... नाही, सहा कोटी दहा लाख मांडले.
गुणिले आठ.
नवा आठे बहात्तर, वरचे चार, शहात्तर,
सहा मांडले, हातचे सात.
अधिक सुरुवातीचे २०४८.

"वजा एक," वाइके म्हणाली.
कुंपणाचे खांब मोजणाऱ्याची मुलगी ती.
पहिला खांबही मोजायचा असतो, हे मी विसरलो होतो.

४८८३९८८४७.
तिनं एकेक अंक मोठ्यानं वाचत भरला,
मी पिशवीवर बोट ठेवत गेलो.
भिंत होती तिथं गेली.
मग तपासणी, नुसतं बघायचं, लिहायचं काही नाही.
मग माउंट, तेही वाचण्यापुरतं.

कोणती फाइल उघडायची ते तिनं विचारलं नाही.
लीदा बोलू लागली. जुनिपरच्या फांद्या ओल्या हव्यात म्हणाली.
खोकल्यापाशी वाइकेनं आवाज वाढवला.

सव्वातीनला मी ड्रिल घेऊन रस्त्यावर आलो.
सव्वीस सेंटिमीटर.
वहीत लिहिलं,
मग, उगाच, पुन्हा मोजलं.