ऐकणारी

खरं सांगते, मी ऐकायची.
नियोंच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर,
कानांवर जड हेडफोन, हातात पितळी टोकाची दोरी;
भोक शोधायचं, खुपसायचं, ‘बोला, जिनिव्हा’ म्हणायचं
आणि कळ सोडायची.
नियम असा, की सोडायची.

मी अर्धी सोडायची.

द्राक्षमळेवाला पर्रे बँकेपुढे कसा मऊ व्हायचा,
नोटरीची बायको मंगळवारीच का हसायची,
मला ठाऊक. दोन्ही टोकांना कानोकान खबर नाही.
तारेला चरा पडत नव्हता.
आवाज तसाच पुढे जायचा, अख्खा,
वाटेत कुणी वास घेतलेल्या पावासारखा.

एकोणसाठ साली यंत्र आलं.
आम्हा सहाजणींना जिरेनियमची एकेक कुंडी देऊन घरी पाठवलं.

मग पंचाण्णवला, आर्माँ, माझा नवरा, केबलखात्यातला,
जेवताना म्हणाला: विद्यापीठातली पोरं आलीयेत,
सरोवराखालची आपली केबल मागतायत.
तेवीस किलोमीटर. प्रकाश पाठवणार.
‘किती?’
‘एकेक कण. दहातल्या नऊ वेळा तर तोही नाही.’
‘आणि वाटेत कुणी ऐकलं तर?’
तो सूप ढवळत राहिला.
‘ऐकलं की मोडतं. दोन्ही टोकांना कळतं.’

मी चमचा खाली ठेवला.
झाकली मूठ सव्वा लाखाची, हे जुनंच;
पण ही मूठ अशी,
की उघडून बघणाऱ्याचाच हात धरते.
आर्माँनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं की नाही, आठवत नाही.
लग्नाआधी तो लोझानच्या एका मुलीला फोन करायचा.
माझ्याच बोर्डावरून.

आता नात आहे, माएल, झुरिकला.
तिच्याकडे माणसाहून उंच फ्रीज,
आत सोनेरी तबकड्यांची उलटी उतरंड,
तळाशी तारकांमधल्या अंधारापेक्षाही थंडी
आणि त्या थंडीत नखाएवढा तुकडा, जो विसरतो.
कशानं विसरतो?
कशानंही, आजी. भिंतीच्या उबेनं.
आभाळातून चुकून आलेल्या एका किरणानं.
एकाला शहाणं ठेवायला हजार राखणदार लागतात,
आणि राखणदारही तितकेच विसराळू.

मी म्हटलं, गावात एक गुपित ठेवायलाही
साधारण एवढेच लागायचे.

ती हसली नाही.
म्हणाली, आज जगभरची कुलूपबंद पत्रं
कुणीतरी गोळा करून ठेवतंय. न वाचता. गोदामं भरून.
किल्ली अजून जन्मायची आहे.
ती घडवणाऱ्यांत मी आहे, आजी.
शेजारच्या खोलीत नवी कुलुपं घडवतात.
आधी कोण पोचेल, जेवणाच्या सुट्टीत
यावर आम्ही कॉफीची पैज लावतो.

ती गेल्यावर धक्क्यावर आले.
उत्तरेचा वारा सुटलाय, कठड्यावर बर्फाची दाढी,
शेवटची बोट एव्हियाँकडून रिकामीच परतली.
आर्माँ जाऊन अकरा वर्षं झाली. केबल अजून खाली असेल.

लोझानच्या मुलीशी तो शेवटचं काय बोलला?
त्या रात्री, एकदाच, मी कळ पूर्ण सोडली होती.
त्याला हे कधी सांगितलं नाही.
सांगून तरी पटवणार कसं?
आमच्या तारेवर खूणच राहत नव्हती:
ऐकल्याची नाही,
न ऐकल्याचीही नाही.