मथळा क्रमांक दोन

सात रस्त्याला, झेरॉक्सच्या मागच्या खोलीत
दोन संगणक. एक माझा, एक बंद.
एप्रिलची दुपार, पंखा गरम हवाच फिरवतो.
सुमय्या मॅडम सहाव्यांदा आल्यात,
पेन ड्राइव्ह ओढणीच्या टोकाला गाठ मारून.

"सरांनी तिसऱ्या प्रकरणात दोन पानं वाढवलीत,"
म्हणतात, आणि माझ्या पोटात गोळा येतो.
म्हणजे, यायचा. पूर्वी.

पूर्वी अनुक्रमणिका मी हातानं करायचे.
नाव लिहायचं, मग टिंब टिंब टिंब टिंब
(टिंबाच्या कळीवरचं टिंब कधीच पुसलं गेलं)
आणि शेवटी आकडा.
तो कधी रांगेत बसायचा नाही,
लग्नाच्या फोटोतल्या रुसलेल्या चुलत्यासारखा
अर्धा इंच बाहेर.
दोन पानं वाढली की खालचे सगळे आकडे खोटे.
एकदा 'समारोप' पडला पान एकशे बेचाळीसवर,
प्रबंध संपला होता एकशे एकोणचाळीसला.
विद्यापीठ काही बोललं नाही.
मला मात्र आठवडाभर झोप नाही.

अक्षर मोठं केलं, ठळक केलं, मधोमध आणलं
की झाला मथळा, असं मी धरून चालले होते.
यंत्राला ठळकपणा कळत नाही.
त्याला सांगावं लागतं:
हे प्रकरण, हे उपप्रकरण, हे नुसतं बोलणं.
ज्याला तसं म्हटलं
त्याचंच पान ते शोधतं.

नाना साखर पेठेत जेकार्डचे पत्ते पाडायचे.
पुठ्ठ्यात भोकं, पुठ्ठ्यांची माळ, माळ मागावर.
एक भोक चुकलं की चादरभर
प्रत्येक मोर आंधळा.
"मळ्ळी," म्हणायचे, पुन्हा,
आणि तेवढाच पत्ता नवा पाडायचे.
संध्याकाळपर्यंत सगळे मोर बघायला लागायचे.

मी मथळ्याची शैली एका जागी बदलते,
सोळाचा अठरा, काळ्याचा गडद निळा,
आणि दोनशे दहा पानांतले
एक्केचाळीस मथळे एकदम अंग झाडतात.
नानांना हे दाखवायचं राहिलं.

आज सगळ्यांना शैली लावून झाली. सूची मागितली.
आली, टिंबांसकट, आकडे एका ओळीत:

३.१ पानांची छाटणी आणि बसण्याची पद्धत . . . . ८१
३.२ वेतन, सुट्टी, नोंदवही . . . . ८७
३.३ हजार झाल्यावर बोटं माझी राहत नाहीत . . . . ९१
३.४ डोळ्यांचे विकार . . . . ९३

"हे चुकून आलंय," मी म्हटलं.
"मुलाखतीतलं वाक्य आहे. वरच्या मथळ्याची शैली चिकटलीय.
साधं करते, एक टिचकी."

"थांबा."

मग बराच वेळ पंखाच.

"विडी कामगार क्रमांक सतरा," मॅडम म्हणाल्या.
"अम्मी आहे माझी.
सर म्हणाले, नात्यातलं माणूस आलं की संशोधन कच्चं होतं.
म्हणून सतरा."

माझी चिन्नम्माही विड्या वळायची.
तिनं असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.
म्हटलं असेल. आम्ही परवचा म्हणत असू.

"राहू द्या ते तिथंच."
"सर काढतील."
"काढतील. मग मी सातव्यांदा येईन."

सरांची दोन पानं मी ऐंशीनंतर घातली,
सूचीवर उजवी टिचकी, ताजी कर, अख्खी.
एक्क्याण्णवचे त्र्याण्णव झाले.
वाक्य जागचं हललं नाही,
फक्त पान घेऊन पुढं सरकलं.

मॅडमनी पेन ड्राइव्ह परत ओढणीला बांधला,
गाठ दातानं आवळली.
"किती झाले?"
मी पानांचे सांगितले.